एक झालं, एक बाकी

कुठलीही गोष्ट संपली असं कुणी म्हटलं की सर उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे. त्यातलं एक मिटायचे, उरलेलं नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, "एक झालं. एक बाकी हाय."

चहाचा कप खाली ठेवला तरी हेच. शिपाई म्हणाला, "संपली बरं का सर परीक्षा," तर, "एक झालं. पेपर तपासायचं बाकी हाय." मुख्याध्यापकांनी आत बोलावून झापलं आणि सर बाहेर आले, तर आम्ही काही विचारायच्या आत दोन बोटं वर. "एक झालं. एक बाकी हाय. आता घरी जाऊन बायकोचं ऐकायचं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं एक वाक्य त्याच्या आधी खोलीत शिरतं. आपण त्या वाक्याला हसतो, त्याची नक्कल करतो, आणि पुढे कधीतरी ते वाक्य आपल्याच तोंडात येऊन बसतं.

सुरुवातीच्या वर्षांत फक्त एकदा त्यांनी बोटं वर केली नव्हती. माझी पत्नी गेली तेव्हा स्मशानात कुणीतरी, अशा वेळी काहीतरी बोलायचं म्हणून बोललं, "सुटली बिचारी. संपलं सगळं." मी नकळत सरांकडे पाहिलं. त्यांचा हात वर येता येता थांबला आणि पँटच्या खिशात गेला. घरी पोचेपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही. त्या दिवसापासून मी त्यांना मित्र मानू लागलो.

सेनगावच्या आमच्या शाळेत ते खेळ शिकवायचे. तासिकेवर. म्हणजे जूनमध्ये नव्याने नेमणूक आणि एप्रिलमध्ये निरोप. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. मी त्याच शाळेत ग्रंथपाल. ते मला 'पुस्तकवाले' म्हणायचे. शाळेत एकमेकांना 'सर' म्हणायची पद्धत असली तरी ग्रंथपालाला सर म्हणावं की नाही हे कुणाचंच नक्की नसतं. त्यांनी तो प्रश्न एका शब्दात सोडवला होता.

ग्रंथालयात ते यायचे ते पुस्तकांसाठी नव्हे. मोबाईलला नीट रेंज यायची ती फक्त माझ्या खिडकीपाशी, कडुनिंबाच्या बाजूला. युरोपातल्या मुलींच्या क्लबांची बास्केटबॉलची एक स्पर्धा असते. सगळ्यात मोठी नव्हे, तिच्या खालची. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि पाडव्याच्या पुढेमागे संपते. तिथला संध्याकाळचा सामना आपल्या झोपेच्या वेळी येतो, म्हणून सर तो दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघायचे, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. त्या दिवशी सकाळपासून त्यांचा एकच धोशा असायचा.

"निकाल सांगू नका बरं कुनी."

"सर, सेनगावात कोण सांगणार आहे?"

"कोन बी सांगंल. मोबाईल झालेत आता सगळ्याकडं."

क्लबांची नावं आम्हा दोघांनाही धड म्हणता यायची नाहीत. सरांनी त्यावर उपाय काढला होता. राजधानीचा श्रीमंत क्लब म्हणजे नांदेड. व्यापारी शहराचा, झगमगीत हॉलवाला, तो वसमत. आणि थंड मुलुखातल्या एका छोट्या गावाचा हिरव्या कपड्यांतला क्लब, ज्याच्या सामन्याला लोकरीच्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या ढोल घेऊन बसायच्या, तो सेनगाव. "बघा, पुस्तकवाले, त्यांचं सेनगाव. बाहेर बर्फ पडून राहिलं अन् आत म्हाताऱ्या नाचून राहिल्या."

त्या स्पर्धेची पद्धत मला आधी कळली नव्हती. दोन क्लबांची गाठ पडली की सामने दोन. एक यांच्या घरी, एक त्यांच्या घरी. कोण जिंकलं ते एका सामन्यावर ठरत नाही. दोन्हींच्या गुणांची बेरीज करतात, आणि बेरीज ज्याची जास्त तो पुढे जातो. एके दुपारी मी सरांच्या खांद्यावरून पाहत होतो. हिरवा क्लब परगावी खेळत होता आणि थोड्या गुणांनी मागे होता. शेवटची काही सेकंदं उरली होती. चेंडू हिरव्यांच्या एका मुलीकडे. समोर बास्केट मोकळं. ती चेंडू टाकेचना. पोटाशी धरून उभी राहिली. शिट्टी झाली, आणि हरलेल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या, आनंदाने.

"हरल्या ना या?" मी विचारलं.

"हरल्या. पण मोजून हरल्या." सरांनी दोन बोटं वर केली. "घरी बारानं जिंकल्या व्हत्या. इथं नऊनं हरल्या. बेरीज कोनाची?"

त्यांनी मोबाईल माझ्या डोळ्यांसमोर धरला. हॉलमधल्या मोठ्या पाटीवर दोन्ही सामन्यांची बेरीज झळकत होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

"तिनं चेंडू टाकला असता अन् हुकला असता, अन् समोरच्यांनी पळत जाऊन दोनदा टाकला असता तर? म्हणून टाकला न्हाई. सगळा हॉल तिला हसून राहिला व्हता. तिनं हसू दिलं." मग डब्यातली भाकरी मोडत स्वतःशीच म्हणाले, "माणसानं एका दिवसावर हरूच नये, पुस्तकवाले."

हे त्यांना इतकं पटलं की त्यांनी जिल्ह्यात तशीच स्पर्धा उभी केली. चार गावांचे मुलींचे चार संघ: सेनगाव, हिंगोली, कळमनुरी, वसमत. स्वतः जीपने, एसटीने फिरून त्यांनी एकेका शाळेला पटवलं. गुणांचा फळा कसा असावा हेही त्यांनीच ठरवलं होतं. वर आजचे गुण, आणि खाली एक रेघ मारून दोन्ही सामन्यांची बेरीज. "रेघेखालचं खरं," असं ते प्रत्येक गावी खडूने फळ्यावर टकटक करून सांगायचे.

आमच्या शाळेचं सिमेंटचं मैदान हे गावातलं एकमेव सपाट, टणक आवार. त्यामुळे दिवाळीच्या आधी त्यावर आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं सोयाबीन वाळत असायचं. हिंगोलीच्या मुली पहिला सामना खेळायला आल्या तेव्हा आमच्या मुली झाडू घेऊन मैदानात वाकलेल्या. कितीही झाडलं तरी दाणे राहतातच. पाहुण्या मुली दर चार पावलांवर घसरायच्या. आमच्यांना सवय होती, त्या पाय दाबून चालायच्या. हिंगोलीचे मास्तर चिडले. "हे काय मैदान हाय का खळं?"

"घरचं मैदान म्हणत्यात याला," सर शांतपणे म्हणाले. "तिकडं बर्फ असतंय. आपल्याकडं सोयाबीन."

पण खरी गंमत कळमनुरीत झाली. आमच्या घरी आमच्या मुली नऊने जिंकल्या होत्या. परतीच्या सामन्यात कळमनुरीच्या मुली सहाने जिंकल्या. शिट्टी वाजते न वाजते तोच हलगी कडाडली. गुलाल उडाला. मुलींना खांद्यावर घेऊन मिरवणूक बाजाराच्या दिशेने निघाली. आमचे सर मागून धावतायत, "अहो थांबा! तुमी हरला! हरला तुमी!"

एक फेटेवाले आजोबा वळून उभे राहिले. "कोन म्हनतं? आमच्या डोळ्यादेखत जिंकली की लेकरं."

सर तिथेच एका दुकानाच्या ओट्यावर बसले आणि विटकरीच्या तुकड्याने फरशीवर बेरीज मांडली. लोक वाकून बघत होते. सगळ्यात आधी समजलं ते हलगीवाल्याला. त्याने हलगी काखेत मारली. "मंग हे आधी काहून सांगितलं न्हाई? एवढा वेळ कशापायी वाजवून राहिलो मी?"

आजोबांनी बेरीज दोनदा तपासली. मग म्हणाले, "गुलाल उधळला तो उधळला. आता या पोरींना बी लावा." आमच्या मुली लाल होऊन परतल्या. त्या हिवाळ्यात कळमनुरीच्या बाजारात लोक बेरजेवर वाद घालताना मी स्वतः ऐकले आहेत. चार गावांना ही पद्धत एका माणसाने शिकवली. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढचं समजायला ते लागेल.

आता वैष्णवीबद्दल. वैष्णवी माझी मुलगी, सेनगावच्या संघाची कप्तान. आई गेल्यावर ती बोलायची थांबली होती. विचारलं तर उत्तर द्यायची, जेवायला बोलावलं तर यायची, बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी पुस्तकांतला माणूस. मी तिच्या उशाशी पुस्तकं ठेवत गेलो आणि ती तशीच राहिली.

एके दिवशी शाळा सुटल्यावर सर आमच्या दाराशी आले. हातात बास्केटबॉल. "पुस्तकवाले, हा आजच्या दिवस तुमच्याकडं राहू द्या. शाळेच्या खोलीत उंदरं झालीत."

उंदीर रबराचा चेंडू खात नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चेंडू उंबऱ्याशी ठेवून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी न्यायला आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही. मग एका सकाळी मी भाजी चिरत असताना अंगणातून आवाज आला. टप्. थांबून पुन्हा टप्. मी सुरी हातात धरून तसाच उभा राहिलो. बाहेर जाऊन पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. आवाज थांबेल अशी भीती वाटत होती.

पुढे तिला त्यांनीच घडवलं. उन्हात, सोयाबीनच्या दाण्यांवर. तो हिरव्या क्लबचा सामनाही त्यांनी तिला माझ्या खिडकीत बसवून दाखवला, शेवटची सेकंदं पुन्हा पुन्हा. "हातात चेंडू हाय अन् बेरीज आपली हाय, तर टाकू नको, बाई. लोक हसतील. हसू दे. बेरीज हसत न्हाई." वैष्णवी खूप दिवसांनी हसली ती या वाक्याला. घरी भाजी तिखट झाली तरी मला ऐकवायची, "पप्पा, बेरीज हसत नाही."

अंतिम फेरीत आम्ही आणि वसमत. वसमतचा संघ एका मोठ्या खाजगी संस्थेचा होता. पहिला सामना आमच्याकडे झाला. संस्थेचे अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन आले, पुढच्या खुर्चीत बसले. आमच्या मुली अकराने जिंकल्या. अध्यक्षांनी सरांना जवळ बोलावलं. "अकरानं हरलो, म्हणजे आता आमचं काय?"

सरांनी दोन बोटं दाखवली. "एक झालं, साहेब. एक बाकी हाय. तुमच्या घरी तुमी अकराच्या वर जिंकलं पायजे. दहानं जिंकला तरी आमीच."

"म्हणजे जिंकून हरू?"

"व्हय. रेघेखालचं खरं."

अध्यक्ष हसले. सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गाडीपर्यंत घेऊन गेले. तिथे दोघं बराच वेळ बोलत उभे होते. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. माणसाची कुणीतरी कदर करतंय, एवढंच वाटलं आणि बरं वाटलं.

परतीचा सामना होळीच्या आधी. वसमतकडे तेव्हा हळद शिजवून वाळत घालण्याचे दिवस असतात. आमच्याकडे सोयाबीन, तसं तिथल्या मैदानावर आठवडाभर हळकुंडं पसरलेली होती. ती उचलून झाडून घेतलं होतं तरी पिवळी भुकटी सिमेंटच्या रंध्रांत बसलेली. मुलींचे तळवे घामाने ओले. थोड्याच वेळात चेंडू पिवळा झाला, मुलींचे हात पिवळे, कपड्यांवर पिवळे पंजे. एका प्रेक्षक बाईने ओरडून विचारलं, "लग्न कोनत्या नवरीचं हाय गं?" आणि दोन्हीकडच्या मुली हसल्या.

फळ्यावर आजचे गुण होते. खालची रेघ मारलेली नव्हती. माझ्या ते लक्षात आलं होतं. शेवटी लिहितील असं मला वाटलं. सर होते ना तिथे.

शेवटची सेकंदं. वसमत सातने पुढे. बेरीज चारने आमची. चेंडू वैष्णवीकडे आला आणि तिच्यासमोर बास्केट मोकळं होतं. तिने बाकड्याकडे पाहिलं. सरांनी दोन बोटं वर केली. मी ती बोटं पाहिली आहेत, म्हणून सांगतो. तिने चेंडू पोटाशी धरला आणि उभी राहिली.

"टाक की गं!" "घाबरली, घाबरली!" "झोपली का काय?" सगळं मैदान हसत होतं. ती चेंडू दोन्ही हातांनी घट्ट दाबून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू होतं. तिने हसू दिलं.

शिट्टी झाली. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तेवढ्यात माईकवरून निवेदक म्हणाला, "आणि आपल्या वसमतच्या वाघिणींनी हा करंडक सात गुणांनी जिंकलेला आहे! मी प्रमुख पाहुण्यांना विनंती करतो..."

आमच्या मुली थांबल्या. वैष्णवीला अजून हसूच येत होतं. तिला वाटलं, चुकून बोलला, कळमनुरीसारखं. ती सरांकडे वळली. "सर, सांगा ना त्यांना."

सर बुटाची नाडी बांधत होते.

मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. तरी व्यासपीठापाशी गेलो आणि निवेदकाला म्हणालो, "दोन सामन्यांची बेरीज करायची असते. बेरीज आमची आहे."

त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी माईक हातात घेतला. आवाजात जराही राग नव्हता. "हे सेनगावचे ग्रंथपाल काही शंका काढून राहिलेत. स्पर्धेचे जनक इथंच बसलेत. त्यांनाच विचारू. काय सर? निकाल बरोबर आहे ना?"

माईक सरांच्या तोंडापुढे आला. सर उभे राहिले. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होतो. तो हात खिशात गेला.

"झालं ते बराबर झालं," सर म्हणाले.

टाळ्या पडल्या. वैष्णवी त्यांच्यासमोर उभी होती. तिने पुन्हा, अगदी हळू विचारलं, "सर?"

"जाऊ दे, बाई," ते म्हणाले. "इथं कोनाला समजत न्हाई."

तिच्या हातून चेंडू सुटला. तो त्यांच्या पायाशी जाऊन थांबला. मग निवेदकाने सरांना व्यासपीठावर बोलावलं, 'जिल्ह्याला ही स्पर्धा देणारे' म्हणून. शाल घातली, नारळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

येताना जीपमध्ये ते नव्हते. "मी मागून येतो," असं म्हणाले होते. वाटेत ड्रायव्हरने आरशातून पाहत विचारलं, "काय पोरींनो, जिंकल्या का हरल्या?"

वैष्णवी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सरांना विचारा."

जूनमध्ये कळलं. त्या संस्थेत त्यांना कायमची नेमणूक मिळाली होती. पूर्ण वेळ क्रीडाशिक्षक. खरं सांगतो, नेमणुकीचं मला वाईट वाटलं नाही. दर एप्रिलला त्यांचा उतरलेला चेहरा मी पाहिला होता. त्यांनी आम्हाला सोडून जायलाच हवं होतं, आणि नुसते गेले असते तर मीच पेढे आणले असते. पण त्यांनी माझ्या मुलीला चेंडू धरायला शिकवलं, धर म्हणून बोटं वर केली, आणि तिने धरल्यावर ती बोटं खिशात घातली. हे मी कुठल्या खणात ठेवावं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सामान न्यायला आले तेव्हा ते ग्रंथालयाच्या दाराशी उभे राहिले. आत आले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "रेंज येऊन राहिली का अजून?"

"येते."

"त्यांचं सेनगाव फायनलला गेलतं यंदा. बघितलं का?"

मी पाहिलं होतं. एकट्याने, मधल्या सुट्टीत, शाळेच्या संगणकावर. हिरव्या मुली परगावी जिंकून आल्या होत्या आणि घरच्या सामन्यात त्याहून जास्त गुणांनी हरल्या. बेरजेत गेल्या. म्हाताऱ्या ढोल मांडीवर ठेवून बसून राहिल्या. पाटीवर बेरीज होती, तिच्याखाली उभं राहून हरलेल्या मुलींनी जिंकलेल्यांसाठी टाळ्या वाजवल्या. ते बघताना मला एवढंच वाटलं, की दुसऱ्या कुठल्यातरी खिडकीत डबा ठेवून सरही हेच बघत असतील, आणि त्यांनाही बाजूला कुणी नसेल.

पण त्यांना मी एवढंच म्हणालो, "बघितलं."

"पन्नाशी आली, पुस्तकवाले," ते म्हणाले. "तुमाला न्हाई समजणार. तुमची नेमणूक पक्की हाय."

"तुम्ही फक्त बेरीज सांगायची होती, सर. नोकरी नाकारा असं कुणी म्हणत नव्हतं."

"ती सांगायची न्हाई, तेवढंच तर मागितलं व्हतं त्यांनी. बाकी काहीच मागितलं न्हाई." मग म्हणाले, "पोरगी कशी हाय?"

"खेळत नाही."

त्यांचा हात उठला. दोन बोटं सुटू पाहत होती. मी वाट पाहिली. आता सांगतो, मला ती बोटं हवी होती. एक बाकी हाय असं ते म्हणाले असते तर मी त्यांना आत बोलावलं असतं. हात तसाच वळला आणि खिशात गेला. ते पायऱ्या उतरले.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. ती स्पर्धाही पुन्हा भरली नाही. पुढच्या वर्षी कळमनुरीच्या लोकांनी विचारलं म्हणे, आणि कुणीतरी उत्तर दिलं, बेरीज मानायचीच नसेल तर इतक्या लांब यायचं कशाला.

या वर्षी पावसाळा सरता सरता शाळेच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली हात जोडलेले. मैदानावरच छातीत कळ आली होती. मी तेराव्याला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी मला ओळखलं. पाणी दिलं, मग आत जाऊन लोखंडी कपाटातून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी आणलं.

चेंडू होता. अजून पिवळा. आणि दोन बाजूंना गर्द पिवळे, दाबून धरलेले दहा बोटांचे ठसे.

"तुमच्या पोरीचा हाय म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "मी एकदा गच्चीवर ठेवला तर केवढे वरडले. हळद उन्हानं उडती म्हणाले. मंग कपाटातच ठेवला. कधी काढायचे न्हाईत, कधी खेळायचे न्हाईत. आता मी काय करू त्याचं?"

मी तो मांडीवर घेऊन एसटीने परतलो. रडू आलं ते वाटेत. आणि गंमत अशी की त्या रडण्यातही राग जागचा हलला नाही. ज्या माणसाने हे ठसे जपले त्याला एक वाक्य बोलता आलं नाही. जपायचं होतं ते काय होतं, आणि जपलं काय?

वैष्णवी आता नांदेडला शिकते. दसऱ्याच्या सुट्टीत घरी आली. मी चेंडू तिच्यापुढे ठेवला आणि वहिनी काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. तिने आपली बोटं एकेक करून ठशांवर ठेवली. दहाही नीट बसली.

"माझेच आहेत," ती म्हणाली. बोटं तशीच ठेवून विचारलं, "ते कधी काही बोलले, पप्पा? त्या दिवसाबद्दल?"

"नाही."

तिने मान हलवली. मग जुन्या लुगड्याची चुंबळ केली, चेंडू घेऊन गच्चीवर गेली आणि घरंगळू नये म्हणून चुंबळीवर ठेवून आली. दिवसभर लख्ख ऊन होतं. शाळेच्या मैदानावर सोयाबीन वाळत होतं, त्याचा वास आमच्या गच्चीपर्यंत येत होता.

संध्याकाळी मी वर गेलो. वरची बाजू पार उडाली होती. बोटं कुठे होती ते सांगताही आलं नसतं. खाली, चुंबळीकडच्या बाजूला, पाच बोटं तशीच पिवळी होती.

मी चेंडूला हात लावला नाही.

सकाळी चहा करत होतो तेव्हा ती जिना चढून वर गेल्याचं ऐकलं. मागोमाग मीही गेलो, तर ती कठड्यापाशी पाठ करून उभी होती, केस विंचरत. चेंडू तिने उलटा करून ठेवला होता.